कुंपणाला काय लावावं?

मागच्या पावसाळ्यात परसातला गडगा ढासळला. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड रचून सासऱ्यांनी घातलेला. साठेक वर्षं टिकला आणि एका रात्रीत सात-आठ हात खाली बसला. सकाळी दार उघडून बघते तर पलीकडचं सगळं दिसतंय. पलीकडे म्हणजे धाकट्या दिरांचं अंगण. तुळस, धुण्याचा दगड, दाव्याला बांधलेलं वासरू आणि भांडी घासत बसलेली आमची जाऊ. तिनं वर बघितलं, मी बघितलं, आणि दोघी आपापल्या घरात गेलो.

घरच्या मंडळींना मागची हकिगत ठाऊक आहे. इतरांसाठी थोडक्यात सांगते. वाटण्या झाल्या तेव्हा सगळं गोडीनं झालं होतं. पुढे कर्जासाठी कागद लागले, मोजणी आणली आणि तीन फुटांची पट्टी एकीकडची दुसरीकडे निघाली. कुणाची कुठे गेली ते लिहीत नाही, कारण हे दोन्ही घरांत वाचलं जातं. तेव्हापासून पाच वर्षं कार्यात समोरासमोर आलो तर "बरं आहे ना?" "हो, बरं आहे." एवढंच. आमचे हे गेले तेव्हा भाऊजी तेरा दिवस इथेच होते, जाऊ स्वयंपाकघरात राबत होती. चौदाव्या दिवसापासून पुन्हा गडगा.

मुलगा पुण्याहून आला, पडलेले दगड बघितले आणि म्हणाला, "आई, सरळ कंपाउंड वॉल घालू. सहा फूट. वर काटेरी तार." त्याच्या दृष्टीनं त्याचं बरोबरच आहे. मी एकटी राहते, त्याला रात्री झोप लागत नाही म्हणतो. मी म्हटलं, भिंत नको, झाडं लावू. "झाडं म्हणजे कुठली?" आता पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईला असा प्रश्न विचारू नये. भिंतीचं अंदाजपत्रक दोन दिवसांत आलं असतं. झाडांचं उत्तर शोधायला मला पाच महिने लागले, आणि त्यात मी कुठल्या कुठे जाऊन आले ते आज सांगायचं आहे.

पहिल्यांदा गेले रोपवाटिकेत. चालवणारा माझाच जुना विद्यार्थी. चहा मागवून म्हणाला, "बाई, कुंपण शोभेला हवं का राखणीला?" प्रश्न अगदी मुळावरचा होता. (वर्गात असे प्रश्न त्यानं कधी विचारले नाहीत!) शोभेला ड्युरांटा, मेंदी, जास्वंद, कामिनी. राखणीला बोगनवेल, घायपात, चिल्हार, करवंद. नुसती शेळी येऊ नये एवढंच असेल तर अडुळसा किंवा कोयनेल. दोन्ही चवीला कडू, शेळी तोंड लावत नाही. आपल्याकडच्या जुन्या वसाहतींतून, शाळांच्या आवारातून जी गर्द हिरवी, कातरून चौकोनी केलेली कुंपणं दिसतात, त्यांतली पुष्कळशी कोयनेलची. आम्ही तिला कडू मेंदीच म्हणायचो.

मी यादी घरी आणली आणि सवयीप्रमाणे प्रत्येकापुढे त्याचं मूळ गाव लिहायला लागले. ड्युरांटा अमेरिका खंडातला. बोगनवेल ब्राझीलकडची. घायपात मेक्सिकोचा. पूर्वी रेल्वेमार्गांच्या कडेनं मैलच्या मैल घायपाताची रांग असे, ती रुळांवर जनावरं येऊ नयेत म्हणून लावलेली. आणि टणटणी, जिला कुठे घाणेरी म्हणतात, तीही अमेरिकेचीच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती साहेबलोकांच्या बागेत आली, रंगीबेरंगी फुलांचं सुंदर कुंपण म्हणून. पाखरांनी फळं खाल्ली, बिया रानोमाळ टाकल्या, आणि आज सह्याद्रीतल्या कुठल्याही डोंगरावर जा, वाट तिनं अडवलेली. 'बेशरम' नावाची जांभळ्या फुलांची ओढ्याकाठची वनस्पतीही अशीच बाहेरून आलेली. कुणीतरी कधीतरी "कुंपणाला काय लावावं" असं विचारलं असणार आणि त्याचं उत्तर पुढच्या पाच-सात पिढ्या उपटत बसल्या.

यावरून सासऱ्यांची गोष्ट आठवली. मी लग्न होऊन आले तेव्हा ते साठीच्या जवळ होते. संध्याकाळी ओट्यावर बसून जुनं काहीबाही सांगायचे. ते पोरसवदा होते तोवर आमच्या गावाला, आणि कोरेगावच्या बाजूला अशा कित्येक गावांना, फड्या निवडुंगाचा वेढा होता. गावकूस पडलेलं, पण त्याच्या जागी डोक्याच्या वर निवडुंग. पोरं काठीला आकडा लावून तांबडी बोंडं काढत, राखेत घोळवून त्यांची कुसं काढत आणि तरीही जिभेत कुसं भरून रडत घरी येत. माणूस, जनावर, चोर कोणी त्यातून शिरू शकत नसे. पण त्यात सापही फार, घाणही फार, आणि निवडुंग दर वर्षी शेताची हातभर जमीन गिळायचा. तोडून टाकला तर पडलेल्या प्रत्येक फडीला मुळं फुटायची. जाळला तरी खालून वर यायचा. लोक हात टेकले होते.

"आणि मग एका वर्षी," सासरे म्हणायचे, "निवडुंगाला कापूस लागला." पांढरा कापसासारखा बुरा. बोटानं चिरडला तर बोट लालभडक. दोन-तीन वर्षांत सगळा निवडुंग चिपाडासारखा वाळून कोसळला. गाव उघडं पडलं. म्हाताऱ्यांनी अर्थ लावला की देवीचा कोप झाला. पोरांना बोंडं गेल्याचं दुःख.

मी तेव्हा ही गोष्ट नुसती ऐकली होती. आता कळलं की तिच्यामागे सव्वाशे वर्षांची खटपट होती, आणि तिची सुरुवात चुकीनं झाली होती. अमेरिकेत निवडुंगावर वाढणाऱ्या एका किड्यापासून किरमिजी रंग निघतो. त्याचा व्यापार स्पेनच्या हातात. कंपनी सरकारला तो रंग हिंदुस्थानात तयार करायचा होता. १७९५ साली कॅप्टन नीलसन नावाच्या गृहस्थानं ब्राझीलहून किडे आणले, पण नेमकी जात दुसरीच निघाली. रंग अगदी हलका. व्यापार बुडाला. मात्र त्या किड्यानं निवडुंगाची एक जात उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानातून जवळजवळ साफ केली. दुसऱ्या जातींना तो तोंड लावत नव्हता, त्या फोफावल्या. आमच्या गावाभोवतीचा फड्या निवडुंग त्यांतलाच. मग १९२६ साली दुसऱ्या जातीचा किडा मुद्दाम आणला गेला, तो या निवडुंगावर पोसणारा. सासऱ्यांचा 'कापूस' तो. किडीनं तण मारण्याची विद्या आज शेतकी महाविद्यालयांत शिकवतात आणि त्यात हा दाखला हमखास देतात. आमच्या सासऱ्यांना कोणी हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, म्हणजे देवीनं नाही, सरकारनं उघडं पाडलं म्हणा!

'गावकूस' शब्द वर येऊन गेला. तो लिहिताना हात जरा अडखळतो. गावकूस हे नुसतं चोरापासून राखण नव्हतं. त्याच्या आत कोण आणि बाहेर कोण हे ठरलेलं होतं, आणि निवडुंग वाळला, भिंती पडल्या तरी ते ठरलेलं बराच काळ तसंच राहिलं. माझ्या वर्गातली काही मुलं त्या 'बाहेरून' येत. वाटेत कुठलंच कुंपण नसायचं, तरी ती गावाला वळसा घालून येत. मी हे बघितलेलं आहे.

आता मूळ गोष्टीकडे येते, ज्यासाठी खरं तर लिहायला बसले. करवंद लावावं का, असं वाचत असताना एका इंग्रज अधिकाऱ्याचा अहवाल हाती लागला. कुंपणाला कुठली झाडं लावावीत यावर इतका बारकाईनं विचार केलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. अधिकाऱ्याचं नाव ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. होय, तेच. १८८५ सालचे. काँग्रेसची स्थापना, पहिलं अधिवेशन पुण्यात भरायचं होतं पण पटकीच्या साथीमुळे मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलं, अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी, प्रतिनिधी ७२. ही माहिती मी पस्तीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेतली. त्याआधी ह्यूमसाहेब काय करत होते हे ना पुस्तकात होतं, ना मी कधी विचारलं.

ते कुंपण लावत होते. १८६७ ते १८७० या काळात ते अंतर्गत जकात खात्याचे आयुक्त होते, आणि त्या खात्याचं मुख्य काम म्हणजे मीठ अडवणं. बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानात मिठावर जबर कर होता. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत तो बराच कमी. राजपुतान्यात सांभरसारखी खाऱ्या पाण्याची सरोवरं, तिथलं मीठ संस्थानिकांचं. तेव्हा स्वस्त मीठ महाग मुलखात शिरू नये म्हणून देशाच्या मधोमध एक जकातरेषा आखली होती. वायव्येला सिंधू नदीपासून निघून दिल्ली-आग्र्यावरून खाली तापीकाठच्या बऱ्हाणपूरपर्यंत आणि तिथून पूर्वेला ओरिसापर्यंत. एकूण २,३०० मैलांहून अधिक. बऱ्हाणपूर म्हणजे आपल्या खानदेशाच्या उंबऱ्यावर. राखणीला सुमारे १२,००० माणसं, साधारण मैलागणिक चौकी. आणि या रेषेवर शेकडो मैल काटेरी कुंपण.

पहिल्यांदा ते सुक्या काट्यांचं होतं. बाभळी-बोरींच्या फांद्या तोडून आणून रचलेल्या. मैलाला शंभराहून अधिक टन काटे लागत. आणि ते टिकेना. वाळवी खाई, उंदीर पोखरत, वणवा लागे, वावटळीत उडून जाई. दर वर्षी पुन्हा तेवढंच वाहून आणायचं. ज्यांच्या शेताला वई आहे त्यांना हे सांगायला नको. ह्यूमनं हिशेब मांडला आणि ठरवलं की कुंपण जिवंत पाहिजे, आपोआप वाढणारं. मग त्यानं कुठल्या मातीत काय तगतं, कुठे पाऊस किती, याचे प्रयोग केले. कोरड्या मुलखात निवडुंग. जमीन बरी तिथे बांबू. माती अगदीच निकस असेल तिथे ती खणून काढून दुसरी भरायची. पाणी साचतं तिथे आधी बांध घालायचा आणि वर झाडं. रोपांना पाणी मिळावं म्हणून विहिरी पाडल्या. उत्तम साधलेल्या कुंपणाचं वर्णन त्या अहवालात आहे. उंची १० ते १४ फूट, जाडी ६ ते १२ फूट, बाभळीच्या जातीची झाडं, बोर, करवंद, तीन जातींचा निवडुंग, थोर, आणि सगळ्यांत गुंफलेली एक काटेरी वेल.

त्या वेलीचं शास्त्रीय नाव वाचलं आणि थांबले. तो आपला सागरगोटा! ज्याच्या राखाडी गुळगुळीत बियांनी आम्ही मुली ओट्यावर तासन् तास खेळलो, तोच. आजीच्या बटव्यात पोटदुखीवर उगाळायला असायचा तोच. लोकांच्या जेवणातलं मीठ अडवायला सरकारनं तो शेकडो मैल विणला होता.

मला या माणसाचं कौतुक करावं की राग धरावा हे अजून कळलेलं नाही. माळ्याच्या नजरेनं बघितलं तर काम अव्वल. १८५७ च्या धामधुमीत इटाव्याला जिल्हाधिकारी असलेला, पक्ष्यांचा एवढा मोठा अभ्यासक की हिंदुस्थानातल्या पक्ष्यांची ओळख त्याच्यावाचून पुरी होत नाही, म्हातारपणी लंडनला परत गेल्यावर १९१० साली तिथे वनस्पतींची संस्था काढणारा. झाडावर जीव असलेला माणूस. आणि त्याच हातानं लावलेल्या झाडांमुळे एखाद्या खेड्यातली बाई शेजारच्या खेड्यातलं स्वस्त मीठ पदरात बांधून आणू शकत नव्हती. त्या उन्हाच्या मुलखात मीठ कमी पडलं तर माणूस खंगतो, जनावरही खंगतं. कुंपणावरून रात्री मिठाची पोती पलीकडे फेकत, पकडले गेले की तुरुंग. चौकीवरचे शिपाई लाच खात, काही स्वतःच चोरटा व्यापार करत. आपल्याकडे कुंपणच शेत खातं म्हणतात त्यातलाच प्रकार.

पुढची गोष्ट मात्र मला जास्त लागली. हे कुंपण १ एप्रिल १८७९ रोजी सरकारनं सोडून दिलं. लोकांची दया येऊन नव्हे. सांभरचं सरोवर आधीच भाडेपट्ट्यानं ताब्यात घेतलं होतं, आणि सगळीकडचा कर जवळपास सारखा केला की रेषा राखायचा खर्चच नको, असा हिशेब लॉर्ड लिटनचे अर्थमंत्री जॉन स्ट्रॅची यांनी घातला. सारखा करायचा म्हणजे बंगालचा थोडा उतरवायचा आणि आपला चढवायचा. मुंबई इलाख्यात मणाला १ रुपया १३ आणे होता, तो २ रुपये ८ आणे झाला. साल १८७८. म्हणजे १८७६ ते ७८ चा तो भयंकर दुष्काळ, ज्यात दख्खनचे जिल्हे उजाड झाले, त्याच्या अगदी शेवटी. तिकडे उत्तरेत काटे निघाले आणि इकडे सोलापूर, सातारा, नगरकडच्या कुणब्याचं मीठ महाग झालं. सासऱ्यांच्या आजोबांनी हे भोगलं असणार. त्यांना त्या कुंपणाचं नावही माहीत नसेल.

त्यानंतर ते कुंपण जणू नव्हतंच. नांगर फिरले, लाकूडफाटा झाला, त्याच्या शेजारची पायवाट रस्त्यांत गेली. रॉय मॉक्सहॅम नावाच्या इंग्रज गृहस्थांनी १९९५ साली एका जुन्या पुस्तकात त्याचा उल्लेख वाचला आणि ते शोधायला तीन वर्षं हिंदुस्थानच्या खेपा घातल्या. इटाव्याच्या बाजूला १९९८ साली त्यांना थोडा उंचवटा आणि त्यावर काही काटेरी झाडं सापडली. त्यांचं पुस्तक २००१ साली निघालं, मराठीतही आलेलं आहे, मिळालं तर जरूर वाचा. मी १९३० चा मिठाचा सत्याग्रह दर वर्षी दोन तासिका रंगवून शिकवायचे. त्याआधीच्या पन्नास वर्षांवर एक वाक्य बोलले नाही. निवृत्तीनंतर आपल्याच शिकवण्यातली भोकं दिसायला लागतात, ती अशी.

आणखी एक छोटी नोंद. ह्यूमच्या कुंपणाचे ते शेवटचे दिवस चालू असतानाच, १८७४ मध्ये, अमेरिकेत जोसेफ ग्लिडन यांना काटेरी तारेचं पेटंट मिळालं. न वाळवी, न उंदीर, न पाणी घालायला नको. माझ्या मुलाचं म्हणणं तिथवर जाऊन पोचतं.

पाच महिन्यांनी मुलगा पुन्हा आला तेव्हा माझी निवड झाली होती. करवंद. ह्यूमच्या यादीतलं, पण आपल्याच डोंगरातलं. खाली कोयनेल, म्हणजे बुडाशी मोकळं राहणार नाही. दोन ओळी, एकमेकींच्या फटी झाकतील अशा, रोपांत फूटभर अंतर. पहिल्याच वर्षी कातरून बुटकं ठेवायचं. तो मोह आवरत नाही, उंच वाढू द्यावंसं वाटतं, पण उंच वाढलं की खाली उघडं पडतं. मुलानं सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या बाजूला, रस्त्याकडे, भिंत घालायची एवढ्यावर तडजोड केली. ठीक आहे.

राहिला प्रश्न रोपं नेमकी कुठल्या रेषेवर लावायची. मोजणीच्या खुणेवर की गडग्याच्या पायावर? खड्डे घ्यायला गडी आला आणि विचारायला लागला. मी उत्तर देणार एवढ्यात पलीकडून जाऊ आली. पदर खोचलेला. म्हणाली, "बाई, काय लावताय?" मी म्हटलं, "करवंद." ती जरा वेळ दगडांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गडग्याच्या जागेवरच लावा. मामंजींची जागा ती." कागद काय म्हणतो ते तिला माहीत होतं आणि मलाही. गड्यानं गडग्याच्या पायाला दोरी लावली.

पडलेल्या दगडांतले निवडक तिच्या वासराच्या गव्हाणीला गेले. उरलेले माझ्या फुलांच्या वाफ्यांच्या कडेला लावायचे ठरवले होते, पण ते वेडेवाकडे. शेवटी विटाच आणल्या. तिरप्या, एकीवर एक रेललेल्या, करवतीच्या दातांसारख्या, निम्म्या जमिनीत गाडलेल्या. आमच्या शाळेच्या बागेत तपासणीच्या आधी मुलं अशाच विटा लावून गेरू नि चुना आळीपाळीनं फासायची. मी चुना लावलेला नाही. सुनेला तो फार सरकारी वाटतो.

ओळीत मधोमध दोन हात रुंद छिंडी ठेवली आहे. वासरू येऊ नये म्हणून दोन आडवे बांबू, माणसाला वाकून येता येतं. जाऊ परवा जास्वंदीची फुलं न्यायला तिथूनच आली. रोपं वीतभर झाली आहेत, तिनं त्यांतलं एक बोटानं हलवून बघितलं आणि विचारलं, लोणच्यापुरती करवंदं कधी यायची? मी म्हटलं, तीन-चार वर्षं तरी लागतील. "मग तोवर बाजारातलीच आणू," म्हणाली, आणि फुलं घेऊन गेली.